दांडी

खानापूर स्टँडामागं माझं दुकान. शांतवन पेंटर.
फ्लेक्सवाले आल्यापासून धंदा बसला,
तरी शाळा, दवाखाने, एखादं देऊळ
अजून हाताचीच अक्षरं मागतं.
देवनागरी शिरोरेषेला टांगून घ्यायची,
कानडी आपल्या पोटावर गोल बसते.
ब्रश एकच. त्याला काय कळतंय गा.

बुधवारी संध्याकाळी कोलकार पाळक
चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या भाषा शिकवायचे.
आम्ही चौघं, त्यात शेलार नर्सबाई डुलक्या घ्यायच्या.
एकदा फळ्यावर हिब्रू शब्द काढला, उजवीकडून डावीकडं:
अनाव. म्हणजे नम्र.
मग शेवटच्या अक्षराची दांडी बोटानं अर्धी पुसली.
आता वाचा. अनी. दबलेला, पिचलेला.
नकला करणाऱ्यांचा इथं पुष्कळदा घोळ झालाय, म्हणाले.

बाकीचे वहीत उतरवत होते. मी हाताकडं बघत होतो.
ब्रश खालपर्यंत आणला तर नम्र,
हात आधीच दमला तर पिचलेला.
आमच्या गल्लीत दोघं एकाच घरात राहतात.

ग्रीक शब्दावर मात्र भांडलो.
प्राऊस. सौम्य, पण लेचापेचा नव्हे, ते म्हणाले,
लगाम मानलेल्या घोड्यासारखा,
ताकद तेवढीच, फक्त ऐकायला शिकलेली.
माझा मामा बेळगावात, कॅम्पात टांगा हाकायचा.
त्याच्या घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यांत
लोखंडानं पडलेले घट्टे मी लहानपणी चाचपलेत.
म्हटलं, पाळकसाहेब,
हा अर्थ घोडीला विचारून लावलाय काय?
ते हसले नाहीत.
पेन्सिल घेऊन समासात काहीतरी लिहून ठेवलं.

नोव्हेंबरात एका रात्री ठाण्यातून फोन.
माझ्या पोरानं, आमोसनं,
जांबोटी रस्त्यावरच्या दवाखान्याचा बोर्ड काळा केलेला.
अर्धाच. कानडी अर्धा.
बोर्ड मी रंगवलेला.
डांबर माझ्या दुकानातलं.
ब्रशसुद्धा माझाच, सहा नंबर,
आणि धुतलेला नव्हता.

पोराचा ओठ सुजलेला. हवालदाराच्या हातात काठी.
आणि माझ्या डोक्यात त्या आठवड्याचा शब्द: ले-अत.
हळू.
एका राजावर त्याचाच मुलगा उलटला होता.
फौज निघाली तेव्हा बाप वेशीत उभा राहून
सरदारांना एवढंच म्हणाला,
माझ्याखातर, त्या पोराशी हळू.
पुढचं सांगायच्या आत त्या दिवशी लाईट गेली,
पण पुढचं मला माहीत होतं.
कोणी ऐकलं नाही.

तोंडातून मराठी आलीच नाही.
मेल्लग, सायबर, म्हणालो. हुडुग अदान.
हवालदारानं मान वर केली.
काठी खाली ठेवली म्हटलं तर खोटं होईल.
टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवली.

उजाडायला आम्ही दोघं बोर्डाखाली.
रॉकेलची बाटली, जुन्या बनियनचं फडकं.
डांबर घाईनं घासलं तर खालचं अक्षरही निघून येतं,
म्हणून आधी नुसतं ओलं ठेवायचं आणि थांबायचं.
थांबलो. तो बोलला नाही, मीही नाही.
मलप्रभेवरून धुकं रस्त्यापर्यंत आलं,
एक दुधाची गाडी गेली.
निम्मी अक्षरं वाचली, निम्मी गेली होती.
मी शिडी धरली आणि ब्रश त्याच्याकडं दिला.
शाळेत कानडी शिकलाय तो. पहिल्या भाषेत त्र्याऐंशी मार्क.

पहिला गोल बरा आला. दुसरा जरा चपटा.
शेवटच्या अक्षराला हात थरथरला,
शेपटी हवी तेवढी खाली आलीच नाही.
खालून सांगावंसं वाटलं, ओढ अजून थोडी.
शिडी धरून राहिलो.

शेलार नर्सबाई ड्यूटीवर येताना थबकल्या,
डबा काखेत, मान वाकडी.
तिरकं झालंय की ओ, म्हणाल्या.
म्हटलं, झालंय.
हात लावू नका, ओलं आहे.