मधली जागा

दोर लासलगावचा.
सुतळ्या, ताडपत्र्या, कांद्याच्या रिकाम्या गोण्या
विकणाऱ्या एका दुकानातून
दिगंबरने घासाघीस करून आणलेला, साठ फूट.
अकरा वर्षं झाली. गच्चीवर कितीदा उन्हं दाखवली,
वास काही गेला नाही.
आमच्याकडे डोंगराचा वास म्हणजे कांद्याचा वास.

नियम त्याचेच.
पुढे तो. मधे पोरं,
कारण मधल्या माणसाला दोन्हीकडून धरता येतं.
शेवटी मी. शेपूट म्हणा, नांगर म्हणा.

शेवटच्या माणसाला डोंगर दिसत नाही,
टाचा दिसतात.
अंजनेरीला ओजसच्या, पावाच्या लादीसारख्या मऊ.
हरिहरच्या पायऱ्यांवर हर्षालीच्या बुटाची सुटलेली नाडी
थेट माझ्या नाकासमोर.
मला माझी माणसं अशी खालून पाठ आहेत.

ओढीची भाषाही ठरलेली.
एकदा ओढलं तर थांबा.
दोनदा, या पुढे.
तीनदा ओढलं तर बिस्कीट:
ही तिसरी ओजसने काढली, पाच वर्षांचा असताना,
आणि दिगंबर म्हणाला होता, दोर म्हणजे खेळ नाही.

या मार्गशीर्षात धोडपला गेलो.
वडाळीभोईच्या फाट्यावर चहा, बागाबागांतून शेकोट्या,
द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून;
धुकं कुठलं, धूर कुठला, कळेना.
हट्टीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.
त्याच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने.
डॉक्टर म्हणाले होते, "जा, पण जपून."
त्याने "जा" तेवढं ऐकलं.

वर गुहेत डबे उघडले.
टाक्यातलं पाणी दातांना झोंबलं.
पलीकडे कातळात एक भोक, बिननावाचं,
दहा-बारा हात पोटावर सरकायचं,
मग आत उभं राहता येतं,
असं गावातल्या एका बाईने सांगितलेलं.

दिगंबर टोक कमरेला गुंडाळू लागला,
तेव्हा हर्षालीने ते त्याच्या हातातून घेतलं.
"बाबा, तुम्ही मधे."

मी डब्याचं झाकण लावत होते, ते लागेना.
त्याने ओजसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वरच्या त्या उभ्या कातळभिंतीकडे पाहिलं,
तिच्यात खाच कुणी पाडली
हे जणू आत्ताच विचारायचं होतं.
मग गाठ मारून घेतली.
तिने ती तपासली, दोनदा,
त्याच्यासारखीच, हिसका देऊन.

तेवढ्यात खालचा एक पोरगा शेळी शोधत आला,
पायात स्लीपर.
भोकात शिरला, बाहेर आला, म्हणाला, "नाही इथं."
मग आमच्या दोराकडे बघून,
"कोण पडलं का?"

आत.
हर्षाली, ओजस, तो, मी.
वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे बूट माझ्यापुढे.
उजवी टाच आतून झिजून तिरकी झालेली,
डावी जवळजवळ कोरी.
म्हणजे सात महिने सगळा भार त्या एका पायावर,
आणि घरात विचारलं की
"काही नाही गं, मस्त आहे."

"टॉर्च विझवा," पुढून हर्षाली.
विझवले.
डोळे उघडे आहेत की मिटलेले
हे बोट लावून बघावं लागलं.
एक थेंब. मग बराच वेळ काहीच नाही.
वटवाघळं कूस बदलत होती.
ओजस शिंकला, पार पलीकडे कुठेतरी.
दोर माझ्या मनगटावर ढिला पडलेला.

हलला.
मी थांबलेलेच होते.

परत हलला.
मी सरकले, कोपर खरचटलं.

आणि परत.

अंधारातच
मी पिशवीची चेन चाचपू लागले.