माशा

वार्दोत सूर्य नोव्हेंबरात बुडतो,
तो जानेवारीतच वर येतो.
त्या वर्षी बोटीवरून हाल्वार्द एकटाच परतला.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या,
शेजारच्या सिग्नेनं चिमटा, रेशमाची रिळं,
कोंबड्याची मूठभर पिसं.

तेव्हापासून तो माशा बांधतो,
मासे फसतील अशा.
आकड्यावर पीस, पिसावर दोरा,
सात वेढे, गाठ.
मग रोखलेला श्वास सोडायचा.
बिघडली तर ब्लेडनं सोडवून पुन्हा.

आपल्याकडे रिकामा माणूस माशा मारतो;
हा दिव्याखाली त्यांना पंख लावत बसतो.

डबीत आता एकशे बारा.
पलीकडची नदी मेपर्यंत दगड.
"टाकणार का गळ?" सिग्ने विचारते.
"जूनमध्ये बघू."

घरी जाऊन ती नवऱ्याला सांगते :
हाल्वार्द आज जून म्हणाला.