प्रश्न सतरावा

मी फाटकापाशी गाडी बंद केली तेव्हा
लुव्हेनिया स्ट्रॉदर गाईच्या खुरातला काटा काढत होत्या.
"सरकारची का?" मान वर न करताच विचारलं.
म्हटलं, नाही, विद्यापीठाची.
"म्हणजे सरकारच्या चुलतघरची,"
आणि काटा माझ्या तळहातावर ठेवला: "धर."

मिसिसिपीतली जुलैची दुपार.
पेकनच्या झाडाखाली पालथ्या दोन बादल्या,
एकीवर त्या, एकीवर मी,
मांडीवर बारा पानांची प्रश्नावली.
पहिल्याच पानावर, सात जणांनी तीन बैठकांत ठरवलेले शब्द:
'सामाजिकदृष्ट्या वंचित पशुपालक'.
मी मोठ्याने वाचलं.
त्यांनी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय ते बघायला.

सोळा प्रश्न सरळ गेले.
गाई? एकोणीस.
शेळ्या? मोजू देत नाहीत.
भेंडी अर्धा एकर, रताळी दीड,
ट्रॅक्टर एक, "तुझ्याहून थोरला."

सतरावा: जमीन कुणाच्या नावावर?

त्या उठल्या, घरातून बायबल आणलं.
कोऱ्या पानावर तीन शाया, चार हस्ताक्षरं.
"आजोबा एझेकायल. ऐंशी एकर, रोख मोजून.
मृत्युपत्र केलं नाही.
कचेरीत गेलेला काळा माणूस
जमिनीसकट परत येईल याची तेव्हा खात्री नव्हती."
त्यांची मुलं नऊ.
नवांची किती ते बोट फिरवत सांगितलं,
कोणी शिकागोत बस चालवतो,
कोणी ओकलंडला लोकांचे दात तपासते,
एकजण कुठे असतो ते फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं,
आणि ती मार्चमध्ये गेली.
आजमितीला वारस एकावन्न.
एकावन्न जणांची, म्हणजे बँकेच्या लेखी कुणाचीच नाही.
म्हणून शेताला क्रमांक नाही,
क्रमांक नाही म्हणून कुंपणाचं अनुदान नाही,
पुराची भरपाई नाही.
"पूर मात्र क्रमांक न विचारता येतो," त्या म्हणाल्या.

(माझ्या वडिलांकडची अशीच जमीन
कोर्टाच्या पायऱ्यांवर एका सकाळी लिलावात गेली.
एका चुलतभावाने आपला हिस्सा विकला, तेवढं पुरलं.
हे प्रश्नावलीत नव्हतं. मी बोलले नाही.)

उत्तराला जागा एक ओळ.
मी समासात लिहीत गेले,
समास संपला तशी कागद फिरवून, उभं, मग उलटं,
एझेकायलपासून त्या बसवाल्यापर्यंत.

संगणकाला समास वाचता येत नाही.
त्याने लिहिलं: माहिती उपलब्ध नाही.
दोनशे बारा अर्जांपैकी ऐंशींवर हेच,
आणि ऐंशीही अर्जांचे समास
मुंग्या लागल्यासारखे काळे.
डॉ. क्विलर चष्मा पुसत म्हणाल्या,
"समास म्हणजे पुरावा नव्हे."
मी म्हटलं, मग रकाना वाढवा.
अकरा दिवस रकान्याच्या नावावर वाद चालला.
राजधानीतल्या समितीपुढे मला चार मिनिटं मिळाली,
त्यातलं एक माइक चालू करण्यात गेलं.

ऑक्टोबरात अहवाल घेऊन गेले.
पान एक्केचाळीस, तक्ता सहा.
"यात मी कुठे?"
मी बोट ठेवलं: शून्य पूर्णांक पाच टक्के.
"एवढी तर माझी डावी चप्पल होते."
पण चष्मा लावून त्या सगळं पान वाचत बसल्या,
ओठ हलवत, बायबलासारखं नाही,
बियाण्याच्या पुडीवरची तारीख वाचावी तसं.

मग पेन्सिल मागितली.
"चूक आहे. गाई एकोणीस नाहीत, वीस.
तू गेलीस त्याच रात्री एक व्याली.
आणि डेट्रॉइटला नातीला मुलगा झाला,
बावन्न कर."

मी म्हटलं, अहवाल छापून झाला, आता बदलता येत नाही.

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली
आणि समासात लिहायला घेतलं.