खट्

आमचं क्लिनिक अजमानच्या औद्योगिक पट्ट्यात, टायरच्या दुकानावर.
एसीचं पाणी बादलीत पडतं.
बादली बदलायची पाळी आज माझी.

रोहिदास भुवड, वय सव्वीस,
राहणार गुहागरकडचा, काम परांची बांधण्याचं.
फोरमन सजीवनने चिठ्ठीत लिहिलंय: साइटवर जिन्यावरून पडला.
किती पायऱ्या? मी विचारलं.
"तीन," म्हणाला. मग, "चार."
पायाच्या नखांत वाळू, लालसर.
जिन्यावर अशी वाळू नसते.

गुडघा थोडा वाकवला,
एक हात मांडीवर, एक पोटरीमागे,
आणि नडगी पुढे ओढली.
चांगल्या गुडघ्यात इथे खट् होतं,
दावं संपलं की वासरू अडतं तसं.
याची नडगी येत राहिली.
दावं नाही, खुंटा नाही,
नुसतं येणं.

"कुणी पकडलं तुला?"
मी मराठीत विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
"कुणीच नाही, मॅडम. तीच तर नामुष्की आहे.
बोनस घेतला होता, कोपऱ्यातल्याला हात लावला होता,
मध्यरेषा दीड हातावर.
मी वळलो, पाय वाळूत राहिला.
आतून टाळी वाजल्यासारखं झालं.
दम नाही सुटला हां.
पडल्यावरही कबड्डी म्हणतच होतो."

विमा पडण्याचे पैसे देतो,
खेळण्याचे देत नाही.
इजेचं कारण, या रकान्यापुढे
माझं पेन बराच वेळ उभं राहिलं.
शेवटी लिहिलं: वळताना.
जिन्यावरही माणूस वळतोच.

त्याला कागदावर काढून दाखवलं.
मांडीमागच्या दोन कंडरा काढतात, दुमडून चौपदरी करतात,
हाडाला भोक पाडून आत ओवतात.
डॉक्टर बासिल करतील, शारजात.
मग काही आठवडे ती कंडरा मेलेलीच असते.
तिच्यापर्यंत रक्त पोचत नाही.
नेमकं तेव्हाच दुखणं थांबतं
आणि माणसाला वाटतं, बरा झालो.
त्या दिवसांत धावायचं नाही, समजलं?
पुढे बारीक रक्तवाहिन्या शिरतात,
आणि ती हळूहळू विसरते
की आपण मांडीतल्या होतो.

"म्हणजे तिला नवा व्हिसा लागतो," तो म्हणाला.
मी हसले नाही. बादली भरली होती.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मांडी आवळता येईना.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, दाब, सोड, दाब.
स्नायू आपलाच असून ऐकत नाही,
याची त्याला लाज वाटली.
मी म्हटलं, लाजू नकोस, मोज.
खोलीत आठ खाटा. मोफिजुलने आपली खालची दिली,
वर चढताना रोज बंगालीत काहीतरी पुटपुटतो,
शिवी असावी किंवा दुआ.
सजीवनने त्याला गेटवर बसवलं, हजेरी लिहायला.
पगार कमी. घरी सांगितलेलं नाही.

आठव्या आठवड्यात तो दुडक्या चालीने आत आला.
"दुखत नाही, मॅडम! काहीच दुखत नाही!"
मी त्याच्यावर ओरडले.
इतकी ओरडले की खाली टायरवाल्याने हवा भरायची थांबवली.

सहावा महिना. नडगी ओढली.
खट्.
मी पुन्हा ओढली. उगीच, कानासाठी.
"चढाई कधी?"
नववा संपू दे. एका पायावर उडी मार,
दुसऱ्या पायाइतकी लांब गेली तर बोलू.
आणि आधी पकडीत उभा राहा. चढाई नंतर.
त्याचा चेहरा पडला. पडू दे.

आज जाताना तो आमचा जिना उतरत होता,
कठड्याला हात न लावता,
ऑपरेशनचा पाय वरच्या पायरीवर, सावकाश वाकत,
दुसरा पाय खाली.
ओठ हलत होते.
मला वाटलं पायऱ्या मोजतोय: तीन, चार.
दारापर्यंत गेले आणि ऐकलं,
एका श्वासात, दबक्या आवाजात,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
ज्या जिन्यावरून तो कधी पडलाच नव्हता
तो अख्खा उतरेपर्यंत.