मंगळवारचं पाणी

एकतीस वर्षं मी फेरीबोट हाकली,
आधी पणजी–बेती, मग रायबंदर–चोडण.
पाण्यावर पगार, पाण्यावर पेन्शन.
ओहोटीला बोट चिखलात रुतायची
आणि लोक स्कूटरींवर बसल्याबसल्या माझ्याकडे बघायचे,
जणू समुद्र मीच उपसला.

म्हणून सुचेता वेळिप जेव्हा म्हणाली,
"काका, वायंगणाचं पाणी तोडा,"
मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि विषय बदलला.

पोरगी चिवट. शेतकी ऑफिसची जीप मेरेपाशी लावून
चपला हातात घेऊन उतरली कुणग्यात.
दहा दिवसांचा तरवा, दोन पानांचा,
मुळाला दाणा अजून चिकटलेला.
चूड नाही, एकेकच रोप, वीतवीत सोडून.
लावणीच्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या.
"हे शेत की टकलावरचे केस?" प्रेमावतीनं विचारलं.
महिनाभर दिसत होतंही तसंच.
वाटेनं जाणारा जो तो बायकोला विचारी,
घरात सगळं बरं ना?

मग ती नळी.
हातभर पाइप, तापल्या खिळ्यानं भोकं पाडलेला,
अर्धा मातीत पुरलेला.
रोज सकाळी वाकून बघायचं.
पाणी वीतभर खाली गेलं तर द्यायचं,
तोवर नाही.
धक्क्यावरच्या खांबाला शेवाळाची रेघ असे,
तिच्यावरून मी भरती वाचायचो.
आता एक डोळा मिटून भोकात बघतो:
तळाशी वाटीएवढं पाणी, त्यात माझंच तोंड,
रोज थोडं लांब गेलेलं.

कुणग्यात केसासारख्या भेगा पडल्या
त्या रात्री मला झोप लागली नाही.
पहाटे जाऊन बघतो, तर शेत डबडबलेलं.

कुष्टानं रात्री बॅटरी घेऊन येऊन
माझी फळी उचलली होती.
स्वतःच्या पाळीतलं पाणी.
"विसरलास असशील," तो म्हणाला. "वय झालं."

पाण्यावरून आमच्या वाड्यावर
कोयते निघालेत, दोघे भाऊ कोर्टात म्हातारे झालेत.
पाणी चोरणाऱ्याला काय म्हणायचं
हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक.
न मागता देणाऱ्याला कुठली शिवी द्यायची?

मी त्याला नळीपाशी नेलं.
तो ढोपरांवर बसला, डोळा मिटला.
"काय दिसतं?"
"पाणी."
"तेच तर."
मग दोघांनी मिळून मेर फोडली,
आणि त्याचंच पाणी त्याच्या शेतात परत पाठवलं.

दातेरी चाक ढकलताना खांदे भरून येतात.
तण मुकाट्यानं मरत नाही, हेही सांगायला हवं;
पाणी उभं नसलं की गवत दुप्पट माजतं.
पण एका बुंध्याचे फुटवे मोजले, चौतीस.
पुन्हा मोजले, छत्तीस.
प्रेमावतीला मोजायला लावले,
ती तिसावर थांबली. म्हणाली, पुरे.

आता माझा एक मंगळवार आड उरतो.
ते पाणी पाटानं खाली जातं,
कुष्टाच्या पुढे, चिंचेच्या पुढे,
पार शेवटच्या कोपऱ्यात, प्रेमावतीच्या तुकड्यात.
आठ वायंगणं तिथे म्हशी बसत होत्या.
ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.
मार्चात आमच्या पायरीवर एक सूप सापडलं,
अळसांद्यांनी भरलेलं.
बायकोनं ते शिजवलं आणि सूप रिकामं कसं परत करायचं
यावर दोन दिवस विचार केला.

मला अजून पुरतं पटलेलं नाही.
मंगळवारी पहाटे जाग येते,
हात फळी उचलायला निघतात.
मग आठवतं.
पडून राहतो आणि ऐकतो,
धक्का लागताच उतरणाऱ्या माणसांसारखं
पाणी घाईघाईनं पुढे जातं,
मागे वळून न बघता.