एकाच पायाचा जोडा

जाऊबाई हॉलंडहून आल्या, तेव्हा
आमच्यासाठी एक लाकडी जोडा आणला त्यांनी,
पिवळा, नाकाशी वर वळलेला,
एकाच पायाचा.
दुसरा कुठंय, सासूबाईंनी विचारलं.
शोभेचा आहे आई, एकच देतात.

मग मोबाइल फिरला हातोहात.
फोलेंडाम नावाचं गाव, मासेमारांचं.
भाऊजी ढगळ काळ्या विजारीत, काखेत रबरी मासा,
जाऊबाई टोकदार पांढऱ्या टोपीत,
मधे शाल्मली, सहा वर्षांची,
पायात तिच्या दोन्ही जोडे.
मागे भिंतीवर रंगवलेलं बंदर.

शाल्मली म्हणाली, इथलं पण गाव दाखवा ना.
आम्ही शहाद्याचे गुजर,
ताटात अंडंसुद्धा न आलेली माणसं.
यांनी डोकं खाजवलं, गाडी काढली,
रविवारी दुपारी तीन वाजता.

पपईचे मळे संपले, मग ऊस,
मग सारंगखेड्याचा बॅरेज
आणि खालच्या अंगाला भोयांची वीसेक घरं.
पाण्याजवळ पत्र्याची नाव पालथी,
तिला डांबर फासत बसलेले सुकलालभाऊ
निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फुटबॉलच्या बनियनमध्ये,
पाठीवर दहा नंबर.

शाल्मलीनं इकडंतिकडं पाहिलं.
यांचे कपडे कुठंयत?
घातलेत की, मी म्हटलं.
तसे नाही, तसे, टोपीवाले.

मथाबाई जाळं झटकत होत्या.
आमच्या पाच जणांकडं, पाच चपलांच्या जोडांकडं बघून म्हणाल्या,
"मासा लेवाना शे, का नुस्ता फोटू काढाना?"
भाऊजी हसले, मग हसायचे थांबले.
सासूबाईंनी पदर नाकावरून काढला,
कसा कोण जाणे,
आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

चहा आला. फार गोड.
भाऊजी सांगत होते :
तिथं समुद्र होता, त्यांनी भिंत घातली,
समुद्राचं तळं झालं, खारं पाणी गोडं झालं,
मासळी गेली.
सुकलालभाऊंनी डांबराचा कुंचला डब्यात ठेवला.
आमचं पाणी आधीच गोडं, ते म्हणाले,
आता थांबलेलं आहे, एवढंच.
वाम दिसत नाही. चिलापी मायंदाळ.
बोलताना ते बॅरेजकडं बघत नव्हते,
जसं जेवताना कोणी घड्याळाकडं बघत नाही,
मुद्दाम.

मथाबाईंनी मोबाइल हातात घेतला,
अंगठ्यानं पुसला,
बराच वेळ पाहिला तो फोटो.
"हाई कपडा त्यासनाज शेतस, का भाडाना?"
भाड्याचे, जाऊबाई म्हणाल्या. वीस मिनिटांचे.
"मंग ज्यासना व्हतात, त्या कथा ग्यात?"

कोणीच बोललं नाही.
भाऊजींना ठाऊक असतं बऱ्याच गोष्टींचं,
हे नव्हतं.
एक कुत्रं येऊन नावेच्या सावलीत झोपलं.

तेवढ्यात शाल्मली जाळ्यात शिरली होती.
खरोखरच. पाय अडकले, पडली,
रडली नाही, ओरडली,
आणि मथाबाई वाकून एकेक फास सोडवत राहिल्या,
तिचा पाय मांडीवर घेऊन,
बोटं न बघता चालणारी.
जाऊबाईंनी मोबाइल उचलला
आणि परत पर्समध्ये टाकला.

मासे आम्ही घेतले नाहीत.
पैसे देऊ केले चहाचे,
त्यावर सुकलालभाऊ एवढंच म्हणाले, हळू जा,
उसाच्या ट्रॅक्टरला मागचे लाइट नसतात.

घरी येऊन शाल्मलीचे सँडल
अंगणातल्या नळाखाली दोनदा धुतले,
लिंबू लावून तिसऱ्यांदा.
सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या.
म्हणाल्या, इतकाही वाईट नाही वास.
त्यांचा तो आवाज मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता.

पाहुणे गेले.
लाकडी जोडा टीव्हीजवळ आहे, मी त्यात किल्ल्या टाकते.
काल कपाटाची किल्ली काढली
तर तिला एक खवला चिकटलेला,
वाळलेला, नखाएवढा,
कोणी ठेवला ते उघड आहे.
खिडकीजवळ नेला, उजेडात धरला,
आणि कुठं टाकावा ते न सुचून
परत जोड्यात ठेवला.