दहा वाजताची वाटी

उठ. दहा वाजले.
ताजा चक्का आहे, वर शहाजिरं,
राईच्या पावाचा एक काप.
भूक नाही म्हणू नकोस,
भुकेला विचारतंय कोण?

तीन वर्षं मी तुला उपाशी ठेवलं, व्हिटेनिस.
जुन्या डॉक्टरांनी बजावलं होतं:
मांस नको, अंडं नको, डोक्यात विष चढेल.
मी फडताळाला कुलूप घातलं.
धुरावलेले हेरिंग शेजारच्या ओनाकडे नेऊन दिले,
वास नको म्हणून.
क्लाइपेडाच्या गोदीत दोरखंड ओढणारे तुझे दंड
सदऱ्याच्या बाहीत हरवले
आणि पोट तेवढं भरती आल्यासारखं.
मला वाटायचं, मी तुला वाचवतेय.

मग ती आहारवाली मुलगी आली, मिल्दा,
एका कानात तीन बाळ्या.
वहीत तिनं काळीज काढलं, उजवीकडे.
काळीज डावीकडे असतं ना, म्हटलं मी.
हसली. म्हणाली, ते धडधडणारं. हे राबणारं.
आता ह्याच्याकडे साठवायला कोठी उरली नाही, मावशी,
म्हणून झोपेत अंग स्वतःचंच मांस खातं.
चूल विझू नये म्हणून
कुणी घराचे वासे जाळावेत, तसं.

त्या रात्री मला झोप आली नाही.
तू घोरत होतास.
मी वासे मोजत होते.

पहिल्या आठवड्यात बी-वनची इंजेक्शनं:
तुझी भिरभिरणारी नजर
एका जागी टेकायला लागली. माझ्यावर टेकली,
आणि मीच आधी मान वळवली.
मग मसूर, दही, दोन अंडी,
आणि डब्यातले तपकिरी, कडू कण.
हे काय, म्हणालास.
यीस्ट. बीअर गाळल्यावर उरतं ते.
डबा हातात धरून बसलास कितीतरी वेळ.
जिनं नेलं, तिच्याच तळाशी उरलेलं.
मुद्दल गेलं रे,
व्याज तरी वसूल करू.

काळजाला पडलेली घरं बुजत नाहीत,
तसं कुणी म्हणालंही नाही.
पण काल काकडीच्या बरणीशी मी झटत होते,
तू न बोलता ती ओढून घेतलीस
आणि झाकण टक्‌ करून उघडलं.
आपण दोघंही झाकणाकडेच बघत राहिलो.

कुलूप अजून खिळ्याला आहे.
किल्ली मी समुद्रात टाकली, असं तुला सांगितलंय.
ॲप्रनच्या खिशात आहे.

सव्वादहा झाले.
खा.